चौकटीत मावेना भाचीचा चेहरा

‘फोटो अवैध आहे.’ लाल अक्षरांत एवढी एकच ओळ यायची. माप चुकलंय, केबी जास्त झालेत की फाईलच चालत नाही, काही पत्ता नाही. अर्ज माझ्या भाचीचा, क्लार्कच्या भरतीचा, आणि मुदत संपायला दोन दिवस उरलेले. ती ओळ आठवली की आजही डोकं तापतं. खेड्यापाड्यातली पोरं मोबाईलवरून हे अर्ज भरतात. नेमकं काय चुकलं ते एका वाक्यात सांगायला काय जात होतं?

फोटो हवा होता 200 × 230 पिक्सेलचा, 20 ते 50 केबीच्या आत. आधी नेट कॅफेत जाऊन आलो. त्यांनी 50 रुपये घेतले आणि मोबाईलचा उभा फोटो तसाच दाबून त्या मापात बसवून दिला. चेहरा पसरट, गाल सुजल्यासारखे. “मावशी, ही मी आहे का गं?” म्हणून पोरगी रडवेली झाली. तिथंच ठरवलं, आता घरीच करायचं. लॅपटॉपवर गिम्प होतं, फोटो कापायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं ते.

आणि इथं माझी अख्खी संध्याकाळ गेली.

क्रॉपचं, म्हणजे फोटो कापायचं टूल घेतलं (शिफ्ट आणि सी). त्याच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’वर खूण केली, शेजारी ‘साईज’ निवडलं आणि 200 × 230 टाकलं. माप तेच मागितलंय, मग तेच द्यायचं, असा सरळ हिशोब. फोटोवर चौकट ओढली तर ती टिकलीएवढी. वाटलं, फोटो लांबून दिसतोय म्हणून असेल. कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवलं, झूम 100 टक्क्यांवर नेला. आता चौकट चांगली मोठी दिसायला लागली, पण तिच्यात मावत होता भाचीचा फक्त उजवा डोळा. चेहरा पूर्ण यावा म्हणून झूम कमी केला, तर चौकटही सोबत लहान झाली. पुन्हा मोठा, पुन्हा लहान. तासभर हेच चाललं होतं. एकदा वैतागून एंटर दाबला, तर पडद्यावर नुसता डोळा आणि अर्धी भुवई. कंट्रोल-झेडनं फोटो परत आणला.

भाची शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, “मावशी, वर आकडा बघ ना. तू किती का झूम करेनास, तो बदलतच नाहीये.” खिडकीच्या वरच्या पट्टीत 3000 × 4000 लिहिलेलं होतं. तेव्हा लख्ख प्रकाश पडला. झूम म्हणजे आपण फोटोच्या जवळ जाणं किंवा लांब होणं. फोटो आहे तेवढाच राहतो. 3000 पिक्सेल रुंदीच्या फोटोतून 200 पिक्सेल कापले, तर डोळाच येणार. म्हणजे आधी प्रमाणात कापायचं आणि मग लहान करायचं.

‘साईज’च्या जागी ‘आस्पेक्ट रेशो’, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण निवडलं, 20:23 टाकलं. आता चौकट हवी तेवढी ओढता येत होती आणि प्रमाण हलत नव्हतं. त्याच पर्यायांत खाली ‘सेंटर लाईन्स’ नावाच्या मधल्या रेषा आहेत, त्या जरूर लावा. उभी रेष नाकावर ठेवली की चेहरा मधोमध येतो. कापल्यावर फोटो 1400 × 1610 झाला. मग ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी 200 टाकली, साखळीचं चिन्ह जोडलेलं असल्यामुळं उंची आपोआप 230 आली. कॅफेवाल्यांनी ही साखळी तोडली असणार, म्हणून गाल सुजले.

पुढचं भराभर झालं. ‘सेव्ह’ केलं तर गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाईल होते, ती अर्जाला चालत नाही. ‘एक्स्पोर्ट ॲज’मधून जेपीजी करा. तिथं क्वालिटीची पट्टी सरकवताना प्रीव्ह्यूवर खूण केली की केबी तिथंच दिसतात. आमची फाईल आधी 20 च्याही खाली आली होती. जास्त केबी झाले तरच अडतं असं नाही, कमी असले तरी अर्ज घेत नाहीत. क्वालिटी वाढवली आणि बसली.

सहीचं राहिलंच. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं करा, तिचा फोटो काढून तसाच कापा, प्रमाण 7:3. मागितलेलं माप 140 × 60 आणि किमान 10 केबी. बहुतेक कागद कोराच, त्यामुळं तेवढे केबी भरेनात. सूचना पुन्हा नीट वाचल्या, तर मापापुढं ‘शक्यतो’ लिहिलेलं होतं. 280 × 120 ठेवली, घेतली.

रात्री पावणेबाराला अर्जाच्या पानावर फोटो आला, लाल ओळ नव्हती. भाचीनं टाळीच वाजवली.

आणि हो, मोबाईलमधला मूळ फोटो तसाच जपून ठेवा, कापलेला वेगळ्या नावानं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या अर्जाला 3.5 × 4.5 सेंटिमीटर लागला, म्हणजे 7:9. लहान केलेला फोटो तिथं वाढवला असता तर धूसर दिसला असता. मूळ होता म्हणून दहा मिनिटांत झालं, आणि या वेळी भाचीनं एकटीनं केलं.