पंचेचाळीसातले तीस

द्राक्षबागेच्या फळछाटणीला आज १६ दिवस झाले. पोंगा अवस्था (डोळ्यातून कोंब बाहेर पडतो ती) मागे पडली, चार-पाच पानं उलगडली आणि घड पोपटी रंगात स्पष्ट दिसायला लागले. फेलफुटी (बिनघडाच्या फुटी) आणि जादा घड काढायचे ते याच तीन-चार दिवसांत. फूट अजून इतकी कोवळी आहे की अंगठ्याने बाजूला दाबली की बुडातून निघते. आठवडाभराने तिलाच कात्री लावावी लागेल.

आधी हिशेब. लागवड ९ बाय ५ फुटांची, म्हणजे वेलीच्या वाट्याला ४५ चौरस फूट मांडव आणि एकरात ९६८ वेली. निर्यातीचा माल करायचा तर दर दीड चौरस फुटाला एक घड धरतात, म्हणजे वेलीला ३०. जोमदार वेलीवर आज मोजले तर ४५ सहज भरतात. म्हणजे १५ जायचे, आणि त्यातले पाच तरी चांगले आहेत. गोळीसारखा आखडलेला घड, बाळीकडे (नुसत्या तणाव्याकडे) झुकलेला घड, दाटीत अंधारात फुटलेला घड, हे काढताना हात अडत नाही. पाकळ्या (घडाच्या उपफांद्या) नीट सुटलेला, देठ जाड असलेला घड काढताना मात्र बोटं थांबतात.

तिथे घडाकडे बघायचंच नाही, पानांकडे बघायचं. निर्यातीच्या घडाला १५-१६ चांगली, उन्हातली पानं लागतात. एका फुटीवर दोन घड आले म्हणून तिची पानं दुप्पट होत नाहीत, तेव्हा एकच ठेवायचा. जिथे पानावर पान चढलंय तिथली एक फूट घडासकट काढायची, मग घड कसाही असो. घड चांगला आहे का, या प्रश्नाला ४५ पैकी ३५ वेळा ‘हो’ असंच उत्तर येतं. त्यामुळे त्या प्रश्नाने काही सुटत नाही. याला पोसायला पानं आहेत का, हे विचारलं की आकडा आपोआप तिशीवर येतो.

सगळे ठेवले तर काय बिघडतं, ते आज दिसत नाही, म्हणूनच मोह होतो. दिसतं ते पुढे. मणी १५-१६ मिमीवर अडकतो, युरोपच्या मालाला १८ हवा असतो. गोडी चढत नाही, काढणी लांबते, आणि कडाक्याच्या थंडीत सापडलेल्या थॉम्पसनचे मणी गुलाबी पडतात. त्याहून वाईट म्हणजे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणीनंतरच्या छाटणीनंतर) डोळे मागेपुढे फुटतात, कारण वेलीने खोडात आणि ओलांड्यात (आडव्या फांद्यांत) साठवलेलं अन्न त्या १५ घडांनी संपवलेलं असतं. काडी कच्ची राहते. पुढच्या वर्षीचा सूक्ष्म घड त्याच काडीच्या डोळ्यात तयार व्हायचा असतो.

घाईही तितकीच महागात पडते. ढगाळ हवा, पाऊस आणि वाढीचा जोर एकत्र आला की घड जिरतो, त्याची बाळी होते. डाऊनी (केवडा रोग) आला तर घडच कुजून जातो. पहिल्याच दिवशी मोजून ३० ठेवले आणि मागून पाऊस आला, तर हातात २० उरतात. म्हणून दोन फेऱ्या. आत्ता फेलफुटी आणि नको ते घड काढून ३५ वर आणायचं, पावसाचा धोका टळला आणि मणी धरले की ३०. वरचे पाच म्हणजे विमा, पण त्याची मुदत ठरलेली. फुलोरा संपून दहा-बारा दिवस झाले तरी ते वेलीवरच असतील, तर ते आपल्याकडून सोडवत नाहीत असं खुशाल समजावं.

दुसरं सोडायचं ते घडाच्या आत, मण्यांचं. मणी ज्वारीच्या दाण्याएवढा झाला की विरळणी सुरू करायची आणि हरभऱ्याएवढा व्हायच्या आत संपवायची. वरच्या पाच-सहा पाकळ्या ठेवायच्या, खालच्या एक-दोन काढायच्या, पुन्हा दोन-तीन ठेवायच्या आणि शेंडा मारायचा. घडात ९० ते ११० मणी राहतात. कापून झाल्यावर घड उघडाबोडका दिसतो, आरपार ऊन पडतं. तसाच दिसायला हवा. आज भरगच्च दिसणाऱ्या घडात मणी फुगले की एकमेकांवर दाबले जातात, फवारा आत पोचत नाही आणि मिलीबगला (पिठ्या ढेकणाला) घर मिळतं. उशिरा कात्री घातली तर टोक शेजारच्या मण्याला लागतं, आणि तो डाग मण्याबरोबर मोठा होत जातो.

आता मजुरीचं गणित, कारण खरं सोडायचं तिथे कळतं. घडाला दीड मिनिट धरलं, तर वेलीला ३० घड ठेवलेल्या एकराला ७२६ तास. सात तासांचा दिवस धरून १०४ बायकांची हजेरी. ज्वारी ते हरभरा हा काळ जेमतेम आठ-दहा दिवसांचा, म्हणजे रोज एकरी दहा ते तेरा जणी. पाच एकर एकाच वेळी छाटले तर पन्नासच्या वर, आणि गावातल्या सगळ्या बागा त्याच आठवड्यात आलेल्या. मुकादम शब्द देतो, पण तोही दहा ठिकाणी दिलेला असतो. ज्याच्याकडे पंचवीसच बायका येणार आहेत, त्याने प्लॉटच्या छाटण्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवावं, नाहीतर एक प्लॉट साध्या स्थानिक मालाचा म्हणून आधीच ठरवून टाकावा. सगळे प्लॉट निर्यातीचे धरून सगळ्यांत अर्धवट विरळणी करणं हे मला सगळ्यात वाईट वाटतं. खर्च निर्यातीचा होतो आणि भाव बाजारचा मिळतो.

जुन्या प्लॉटचाही निर्णय वहीत लिहून ठेवायला हवा. ९६८ पैकी २०० वेली मेल्या असतील तर पाचवा हिस्सा गेला, पण फवारणीचा ब्लोअर ओळीतून तेवढ्याच फेऱ्या मारतो. तारा, अँगल, ठिबक सगळं तेवढंच. बापजाद्यांनी लावलेली बाग काढताना जीव तुटतो, हे खरंच आहे. म्हणून आकडा आधी लिहायचा: अमुक तुटाळ (मेलेल्या वेलींची रिकामी जागा) झाली की काढणीनंतर बाग काढायची. ऐन मार्चमध्ये, पेट्या भरत असताना, हे ठरवता येत नाही.

घरच्या आणि गावच्या कामांतलं काय सोडायचं, तेही वहीच्या याच पानावर. छाटणीपासून ६० दिवस सकाळ-संध्याकाळ फवारणीची असते, उरते ती दुपार. त्यात वाट्याने घेतलेला दुसऱ्याचा प्लॉट, सोसायटीच्या पॅनेलची धावपळ, पतसंस्थेच्या बैठका, नातलगांच्या लग्नाची कामं, सगळी आपापल्या जागी चांगलीच. अशा किती दुपारी हाती आहेत ते मोजायचं आणि ‘नाही’ ते छाटणीआधी सांगायचं. ४० व्या दिवशी वाट्याचा प्लॉट सोडला तर मालकाला दुसरा माणूस मिळत नाही, त्याचं वर्ष जातं. सप्टेंबरात सांगितलं तर तो फार तर चार दिवस रुसतो.

उद्या सकाळी दव उतरलं की पश्चिमेच्या ओळींपासून सुरुवात, तिथली फूट दोन दिवस पुढे आहे. दहा वेली मोजून त्यांना फीत बांधायची, म्हणजे बाकीच्यांना ३५ चा अंदाज डोळ्यांनी येतो. डाऊनीचे तेलकट डाग दिसलेली फूट खाली टाकायची नाही, पोत्यात भरून बागेबाहेर न्यायची. दोन पोती आजच झटकून ठेवलीत.