ओठांना येतं, कानांना नाही

जर्मनीला निघालेल्या नर्सेसना मी पुण्यात जर्मन शिकवते. व्याकरण त्या घोकून पार करतात. गाडी अडते ती डोक्यावर दोन टिंबं असलेल्या ‘उ’पाशी.

हा स्वर मराठीत नाही, हिंदीत नाही. फ्रेंच, तुर्की, फिनिश, चिनी यांत आहे. 562 भाषांच्या एका पाहणीत, जीभ पुढे ठेवून ओठ गोल करायचे असे स्वर जेमतेम 37 भाषांत सापडले. मुली वहीत ‘यू’ लिहितात आणि तिथेच घात होतो. ‘यू’ म्हणताना जीभ ‘य’वरून ‘ऊ’कडे मागे घसरते. इथे तिने हलायचंच नाही. लांब ‘ई’ धरायची, आणि ती चालू असतानाच चूल फुंकताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा. जिभेचं टोक खालच्या दातांनाच. वहीत देवनागरी उच्चार लिहायला मी सरळ बंदी घातली आहे.

लातूरकडच्या एका मुलीला हे पहिल्याच तासाला जमलं, इतकं स्वच्छ की बाकीच्या वळून बघायला लागल्या. ‘लीगन’ म्हणजे पडून असणं. त्यातल्या ‘ई’ला ओठ गोल केले की होतं खोटं बोलणं. पेशंटला ‘नीट पडलाय ना?’ विचारायचं, तर हा फरक पाहिजेच. तिने दोन्ही शब्द चोख म्हटले.

मग मी तोंडासमोर कागद धरला आणि विचारलं, आता कुठला म्हटला? तिला सांगता येईना. तिचाच आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवला.

“दोन्ही एकच आहेत ना, मॅडम?”

कागद काढला की उत्तर बरोबर! म्हणजे ती माझे ओठ वाचत होती. वॉर्डात समोरच्या डॉक्टरच्या तोंडावर मास्क असेल, तेव्हा काय करणार ही?

आधी कान तयार होतो, मग तोंड, असंच मी इतकी वर्षं मानत आले. कानाला न कळलेला फरक तोंडाने इतका अचूक कसा केला, हे मला अजून उलगडलेलं नाही.

तिला पाठवणाऱ्या एजन्सीने बोलण्याचा नमुना ऐकून ‘उत्तम’ शेरा मारला. या लोकांना बोलणं मोजता येतं, ऐकणं कोणी तपासत नाही. उच्चारांचे तासही शेवटच्या आठवड्यात कोंबलेले. मी तिचं बोलणं सध्या थांबवलंय. बायका, पुरुष, म्हातारे, अशा वेगवेगळ्या जर्मन आवाजांत शब्दांच्या जोड्या नुसत्या ऐकवतेय, कागद समोर धरून. काल पहिल्यांदा ती एका जोडीवर थबकली आणि म्हणाली, “परत लावा.”