मनुकांचा रस आणि दगडी पन्हळ

वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह असला की स्कूटर लांब लावून चालत जावं लागतं. नावाला सप्ताह, अखंड भजन चोवीस तासांचं असतं आणि फेरी मात्र आठवडाभर रेंगाळते. त्या संध्याकाळी खाजे आणि प्लास्टिकच्या खेळण्यांच्या गर्दीतून मी चाललो होतो. खांद्याला शबनम, तिच्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस द्यायच्या विधीचा डबा, आणि डोक्यात सकाळचं भांडण.

मी पाळक आहे. मंडळी छोटी, मराठी. बहुतेक घरं नगर-सोलापूरकडून बंदराच्या कामाला आलेली. गोव्यात मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोक दोनदा बघतात. इथे येऊन राहिलेले इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली इथल्याच रायतूरला छापलं गेलं, हे मी आता सांगायचं सोडून दिलंय.

भांडण स्पीकरवरून झालं. खजिनदार अण्णांना नवीन, मोठा हवा होता. हॉलचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "साहेब, आवाज पोचला नाही तर माणसं दुसरीकडे जातात." यात तथ्य आहे. आमच्या लोकांना घसा फोडून केलेली प्रार्थना वर लवकर पोचते असं वाटतं, आणि काही पाळकांनी त्यावर दुकानं थाटलीत. पण मी हे न बोलता भलतंच बोललो. "मी तुमच्या दशमांशावर जगत नाही," म्हणालो. साफ खोटं. लोक कमाईचा दहावा हिस्सा मंडळीला देतात, त्याच्यावरच जगतो. अण्णा काही न बोलता वही मिटून उठले.

चारला आज्जींच्या सुनेचा फोन आला. आज्जींना पक्षाघात होऊन तीन महिने झालेत, आणि आज त्या "भोजन द्या" म्हणून सकाळपासून हट्ट धरून बसल्या होत्या.

बाहेरच्यांना वाटतं, पाळकाचं काम म्हणजे बोलणं. अर्धं काम या डब्याचं असतं. गोव्यात वाइनला तोटा नाही, पण माझ्या मंडळीतले कितीतरी पुरुष दारू सोडून आलेत. त्यांच्या ओठांना मी थेंबही लावणार नाही. म्हणून काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, त्याच पाण्यात उकळायच्या, कुस्करून मलमलीतून गाळायच्या. साखर नाही. रस औषधाच्या उकळलेल्या बाटलीत भरायचा आणि दोन दिवसांत संपवायचा, नाहीतर तो आंबतो आणि मग वाइन घेतलेली काय वाईट! पक्षाघाताच्या माणसाला गिळणं जड जातं. आधी पाठीशी उशा लावून बसतं करायचं. भाकर साबुदाण्याएवढी, रसात भिजवून, चमच्याच्या टोकावर, तीही तोंडाच्या धड बाजूला. गिळलं की नाही ते गळ्याकडे बघून ठरवायचं. एकदा एका आजोबांना ठसका लागला होता, तेव्हापासून माझा हात या एका कामात चुकत नाही. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, हे कुणी शिकवत नाही. तिथे ग्रीक शिकवतात.

खोलीत शिरलो. "सलाम, आज्जी." अर्ध्या तोंडानं त्या हसल्या. खिडकीच्या गजांवर बंदरातल्या कोळशाची काळी पूड होती, आणि खिडकीतून भजन येत होतं, टाळांसकट. मी खिडकी लावायला निघालो तर त्यांनी मानेनं नको म्हटलं.

मी सुरुवात केली. वचनं पाठ आहेत, तोंड आपोआप चालतं. आणि खरं सांगतो, "ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले" म्हणत असताना मी अण्णांना द्यायचं आणखी एक उत्तर जुळवत होतो.

मी भाकर उचलली तेव्हा आज्जींनी माझं मनगट धरलं. "साहेब... कबुली ऱ्हायली."

पापकबुलीची प्रार्थना मी गाळली होती. मुद्दाम नाही. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकी तीच. मी सावरायच्या आत त्यांनीच सुरू केली. शब्द तुटत होते, अर्धे लाळेत जात होते. मला त्यांच्यामागून, त्यांच्या गतीनं म्हणावं लागलं. मग भाकर दिली. रस दिला. गळ्याकडे बघितलं. गिळलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चेहरा असा सैल झाला की सून दारातच रडायला लागली. निघताना आज्जी म्हणाल्या, "आज प्रभू आल्ता, साहेब."

मी हो म्हणालो. मला मात्र तो दिसला नव्हता.

सेमिनरीत डोनाटस पंथावर दहा मार्कांचा प्रश्न असायचा. रोमी छळाच्या काळात ज्यांनी भिऊन शास्त्राची पुस्तकं शिपायांच्या हवाली केली, त्यांच्या हातचे विधी बाटलेले, असं उत्तर आफ्रिकेतल्या त्या लोकांचं म्हणणं होतं. तिथल्याच ऑगस्टिन नावाच्या बिशपनं उत्तर दिलं की बाप्तिस्मा पेत्रानं दिला काय नि येशूला धरून देणाऱ्या यहूदानं दिला काय, देणारा ख्रिस्तच. तेव्हा मी हे पाळकांच्या सोयीचं उत्तर समजून पाठ केलं आणि आठ मार्क मिळवले. त्यातलाच एक दाखला त्या रात्री आठवला: पाणी दगडी पन्हळीतून वाफ्यांपर्यंत जातं, वाफे पिकतात, पन्हळीत काही उगवत नाही.

नगरला आमचं अर्धा एकर होतं. वडील मातीच्या दंडानं पाणी द्यायचे. मातीचा दंड गळतो, पाणी वाया जातं, म्हणून ते चिडायचे. पण त्याच्या दोन्ही काठांना हिरवंगार गवत असायचं, आमची शेळी त्यावरच जगली. त्यामुळे ऑगस्टिनचा दाखला मला दिलासा देत नाही. आज्जींना मिळालं, याबद्दल मला शंका नाही. मी कधी दगड झालो, हा माझा प्रश्न आहे. संमेलनात सहकारी आपापलं पाचारण, म्हणजे या कामाला देवाचं बोलावणं, कसं झालं ते घोटून गुळगुळीत केलेल्या साक्षीत सांगतात. मी बँकेच्या परीक्षेत दोनदा नापास झालो आणि आईनं नवस केला होता, एवढंच माझं पाचारण. तरी पहिल्या वर्षी प्रभुभोजन देताना माझे हात कापायचे.

आणि तरीही ते मनगट धरणं. पन्हळीला कुणी हात लावून थांबवत नाही. त्या बाईनं कबुली माझ्यासाठी म्हटली की स्वतःसाठी, हे मी सुनेमार्फत विचारून घेऊ शकतो. विचारत नाही.

आज्जी अजून आहेत. उद्या पुन्हा बोलावलंय. मनुका भिजत घातल्यात. अण्णांना फोन अजून केलेला नाही.