विसंवादाचे धडे

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत माझे बहुतेक सहाध्यायी गणिताच्या सरांची छडी, स्नेहसंमेलने आणि बोर्डाचे निकाल यांच्या आठवणी लिहितील. माझ्यावर शाळेचे जे ऋण आहे ते जरा आडवाटेचे आहे. मृत्यू, शोक आणि क्रुसावरील वेदना यांविषयीचे युरोपातील जे गडद, काळीज हलवणारे समूहगायन मी आजवर ऐकत आलो, ते ऐकण्याचा कान मला वसईच्या या मराठी शाळेत मिळाला.

आमच्या घरी भजनाची परंपरा होती. भजनात माणसे कितीही असली तरी चाल एकच असते. चार गटांनी एकाच वेळी चार निरनिराळ्या चाली गायच्या आणि त्यांचे मिळून एक गाणे व्हायचे, ही कल्पनाच मला नवीन होती. आमचे संगीताचे सर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि शाळेच्या गायकवृंदात मुलगा कोणत्या घरचा आहे हे न पाहता त्याचा सूर लागतो का, एवढेच पाहत. आवाज फुटल्यावर माझी रवानगी मागच्या रांगेत, बेसमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजाच्या गटात झाली. बेसची ओळ एकट्याने म्हटली तर कमालीची कंटाळवाणी वाटते. ‘‘अरे, तुमच्या अंगावर सगळी इमारत उभी आहे, हलू नका,’’ असे सर म्हणत, आणि आम्ही ते फारसे मनावर घेत नसू.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या एका तालमीला मात्र त्यांनी गाणे बाजूला ठेवले. अर्ध्या मुलांना त्यांनी कोमल ऋषभ (कोमल रे) धरून ठेवायला सांगितला आणि उरलेल्यांना त्याच्या लगत खालून षड्ज (सा) लावायला लावला. दोन्ही स्वर भिडताच वर्गात अशी काही खरखर उठली की पुढच्या रांगेतल्या मुलींनी कानांवर हात ठेवले. सरांनी हातानेच थांबा म्हणून खूण केली, आम्हाला श्वास पुरेनासा होईपर्यंत तसेच धरून ठेवले आणि मग ऋषभवाल्यांना अलगद षड्जावर उतरवले. त्या उतरण्यात जी सुटका होती ती आधीच्या घर्षणाशिवाय मिळालीच नसती. ‘‘तयारी, टक्कर, उतार,’’ एवढेच सर म्हणाले. पाश्चात्त्य संगीतातील शोकाची निम्मी कारागिरी या तीन शब्दांत सामावलेली आहे, हे मला पुढे कळले. मारवा रागात गायक षड्जाला टाळत कोमल ऋषभावर रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे; तिथे एकटा गायक तानपुऱ्याशी जे करतो, ते इथे माणसे एकमेकांशी करतात.

त्यानंतर सरांनी त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर आम्हाला आंतोनियो लोत्ती ऐकवला. सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्हेनिसचा हा संगीतकार सेंट मार्क्सच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. आठ आवाजांसाठी त्याने रचलेले ‘क्रुसिफिक्सुस’ जेमतेम तीन-चार मिनिटांचे आहे. सुरुवात अगदी तळाच्या बेसपासून होते, मग एकेक आवाज वर चढत येतो आणि आल्याबरोबर आधी धरून ठेवलेल्या स्वराला जाऊन भिडतो. एक गाठ सुटते तोवर दुसरी बसलेली असते. शब्द ख्रिस्ती उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धासूत्रातले, ‘आमच्यासाठी त्याला क्रुसावर खिळले’ एवढेच; पण आमच्यासारख्या मागच्या रांगेतल्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या कंटाळवाण्या ओळीचा अर्थ लागला.

कॉलेजसाठी मुंबईला गेल्यावर मी हे संगीत शोधून शोधून ऐकू लागलो. मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’विषयी, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताविषयी, इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही, त्यातल्या ‘लाक्रिमोसा’ या भागाचे पहिले आठच बार (तालाची आवर्तने) तो स्वतः लिहू शकला आणि डिसेंबर १७९१ मध्ये गेला, हे ठाऊक असले की नवव्या बारला कान आपोआप टवकारतात, इतकेच. खरा धक्का दिला तो जेझुआल्दोने. इटलीतील वेनोझाच्या या संगीतकार राजपुत्राने १५९० मध्ये आपल्या पत्नीची आणि तिच्या प्रियकराची हत्या घडवली, आणि त्याच्यावरचा प्रत्येक लेख याच हत्येपासून सुरू होतो. मला हा रस थोडा सवंग वाटतो. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) रचना ज्या उपासनेसाठी आहेत, तिच्यात स्तोत्रागणिक एकेक मेणबत्ती विझवत नेण्याची प्रथा होती. ‘माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे’ हे शब्द त्याचे सहा आवाज गातात तेव्हा पुढचा स्वरमेळ कुठल्या दिशेने जाईल याचा अंदाजच बांधता येत नाही. सरांच्या भाषेत सांगायचे तर इथे टक्कर आहे, तयारी मात्र काढून घेतलेली आहे. त्यासाठी खुनाची पार्श्वभूमी कशाला हवी?

रशियन संगीतकार राखमानिनोव्हची १९१५ सालची ‘रात्रजागर’ ही रचना माझ्यातल्या जुन्या बेसवाल्याला विशेष प्रिय आहे. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्ये चालत नाहीत, त्यामुळे सारा भार कंठावर. तिच्या पाचव्या भागाच्या शेवटी बेस पायरी पायरीने इतके खाली उतरतात की असे गायक आणायचे कुठून, अशी शंका त्या काळी रशियातही घेतली गेली होती. आपल्या अंत्यविधीला हाच भाग गायला जावा, अशी खुद्द राखमानिनोव्हची इच्छा होती. हा अंधार भीतिदायक नाही, ऊबदार आहे.

लिगेतीचे ‘लुक्स एतेर्ना’ याच्या अगदी उलट. नाझी छळछावण्यांत वडील आणि भाऊ गमावलेल्या या संगीतकाराने १९६६ मध्ये सोळा स्वतंत्र आवाजांसाठी ते लिहिले. शब्द मृतांसाठी चिरंतन प्रकाश मागणारे आहेत. पण आवाज एकमेकांना इतके लगटून आणि इतक्या हळू सरकतात की कोण कुठे आहे हेच कळेनासे होते. टक्कर संपत नाही आणि आपण ज्याची वाट पाहतो तो उतार येतच नाही. पहिल्यांदा ऐकताना मी ते मध्येच बंद केले होते, आणि आजही ते कोणाला भेट म्हणून देण्याचे धाडस मी करणार नाही.

गायकवृंदातल्या सध्याच्या मुलांनी लोत्तीपासून सुरुवात करावी आणि ऐकण्यापूर्वी सरांचा तो ऋषभ-षड्जाचा प्रयोग वर्गात एकदा जरूर करून पाहावा. जेझुआल्दो दहावीनंतर ऐकला तरी चालेल. मागच्या रांगेतल्या मुलांनी मात्र राखमानिनोव्हचा पाचवा भाग आजच ऐकावा. तो शेवटचा स्वर त्यांच्याच रांगेतला आहे.