अण्णांचा रिव्ह्यू मेडिकल बोर्ड : सातारा ते पुणे, पुढे जाणाऱ्यांसाठी

अण्णांना (रिटायर्ड हवालदार, डावा गुडघा) घेऊन पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलला बोर्डाला (अपंगत्वाचे टक्के पुन्हा तपासून ठरवणारे डॉक्टर) जाऊन आलो, गावातले बाकीचे फौजी विचारतायत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी गणित करा, निम्मी लोकं ते न करताच अर्ज टाकतात. डिसॅबिलिटी पेन्शनला (नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाचं पेन्शन) ब्रॉडबँडिंग, म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला नेऊन धरणं, लागू असेल तर 20 पासून 50 च्या खाली कितीही टक्के असू देत 50 च धरतात, 50 ते 75 ला 75 आणि त्याच्या वर 100. म्हणजे 20 चे 40 करून आणले तरी हातात एक रुपया जास्त येत नाही. अण्णांचे 40 होते, 50 झाले तरच उपयोग. पैसे म्हणाल तर 100 ला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 50 ला 15 आणि 75 ला साडेबावीस. आणि हा बोर्ड म्हणेल ते फायनल, टक्के कमीपण होऊ शकतात, त्यामुळे दुखणं खरंच वाढलं असेल तरच जा. ज्यांच्या कागदावर दुखण्याचा नोकरीशी संबंधच नाही असं लिहिलंय त्यांनी अपील करायचं, नाही झालं तर मुंबईचं एएफटी (फौजींच्या केसेसचं न्यायाधिकरण). 21 सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झालेल्यांचे नियमच वेगळे.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसला (फौजीची सर्व्हिसची कागदपत्रं ठेवणारं सैन्याचं ऑफिस) जातो, मसुदा जिल्हा सैनिक कार्यालयात दाखवून घ्या.

साताऱ्याहून पहाटेची एसटी पकडली, स्वारगेटवरून रिक्षा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), रिटायर होतानाच्या मेडिकल बोर्डाची कॉपी, ओळखपत्र, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची उपचार योजना) सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या, एक्स-रे नवीन काढलेला हवा. गुडघा असेल तर सैल पँट घाला. आधी स्पेशालिस्ट तपासतो, मग बोर्ड, एका दिवसात उरकेल असं धरू नका, मुक्कामाची सोय बघूनच निघा.

सगळ्यात अवघड म्हणजे आपली माणसं. डॉक्टरांनी विचारलं कैसे हो, अण्णा ताठ उभे राहून म्हणाले एकदम फर्स्टक्लास साब! अरे मग आलोय कशाला आपण? रात्री जिना चढताना कठडा धरावा लागतो, संडासला खाली बसता येत नाही, हे शेवटी मी सांगितलं. तुम्ही घरीच कागदावर लिहून घ्या आणि त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या.

टक्के तिथल्या तिथे सांगत नाहीत. पुढचं स्पर्शवर (फौजींच्या पेन्शनची वेबसाइट) बघायचं, तेव्हा मोबाईल नंबर आणि लाईफ सर्टिफिकेट अपडेट ठेवा.