मिट्ट काळोखाची तयारी

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. मुलुंड.

शनिवारी जायचं नक्की झालं. कर्जतजवळचा पेठचा किल्ला, म्हणजे कोथळीगड. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि एक तंबू. वीज नाही, नळ नाही, संडास नाही.

तारीख आकाशाने ठरवली. १३ आणि १४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. एरवी उल्का बघायच्या तर पहाटे उठावं लागतं, पण मिथुन रास आठच्या सुमाराला उगवते आणि दहापर्यंत चांगली वर येते. लेकीला तेवढं जागं राहता येईल. यंदा त्या रात्री मार्गशीर्षाचा वद्य पक्ष आहे, चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच येणार. बहुतेक उल्का धूमकेतूंच्या धुळीतून येतात, या मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. हे सांगितल्यापासून ती फेथॉनला 'आपला दगड' म्हणते.

आमच्या घरात काळोख होतच नाही. दिवे मालवले तरी पडद्यातून रस्त्याचा पिवळा उजेड येतो, फ्रिजचा बारीक दिवा असतो, समोरच्या इमारतीचा जिना रात्रभर उजळलेला. ही मुलगी सात वर्षांत एकदाही खऱ्या काळोखात बसलेली नाही, हे परवा लक्षात आलं आणि पोटात काहीतरी हललं. काल रात्री आम्ही दोघी न्हाणीघरात शिरलो, दाराच्या फटीला टॉवेल लावला आणि गप्प बसलो. सुरुवातीला तिने माझा हात घट्ट धरला होता. मग म्हणाली, "आई, माझे डोळे उघडे आहेत की मिटलेत?" डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरी बॅटरी एकदा लागली की ती सगळी वाया जाते. म्हणून आज बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर चिकटवला. तिनेच कापला.

रविवारी नॅशनल पार्कात रंगीत तालीम केली, बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत चालत. बूट नवे होते, ती चूक माझी. चौथ्या किलोमीटरला टाच लाल झाली आणि बाईसाहेब कठड्यावर बसल्या. वर पोचल्यावर मात्र दगडात खोदलेली पाण्याची टाकी बघत अर्धा तास तिथून हलेना. तेव्हाच मी शनिवारचं सगळं गणित बदललं. आंबिवलीहून पेठ गावापर्यंत मोठ्यांना दीड तास पुरतो, आम्ही तीन धरले. ठाण्याहून सकाळची कर्जत लोकल, पुढे कशेळ्यावरून टमटम. सूर्य सहाला मावळतो, म्हणजे चारला तंबू उभा राहायला हवा. बूट जुनेच.

तंबू वरच्या गुहेजवळ लावावा असं ह्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. तिथले कोरीव खांब मलाही तिला दाखवायचेत, आणि सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेल्या पायऱ्याही. पण रात्री पोट दुखलं, ताप भरला, तर मूल उचलून ती वाट उतरणं मला मंजूर नाही. तंबू माचीवर, पेठ गावाच्या जवळ, कुणाच्या तरी शेतात, विचारून. गड रविवारी सकाळी, आणि पायऱ्या तिच्या मनात असेल तरच.

पाणी गावातून भरायचं, निघताना माणशी दीड लिटर. लोकलमधून गॅसचा सिलिंडर नेता येत नाही, ते बरंच झालं. थालीपीठं आणि लसणाची चटणी घरून. सकाळचा चहा तीन दगडांच्या चुलीवर, लाकडं गावातून विकत घेऊन. डिसेंबरात माचीवरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, ठिणगी पुरते. चूल फक्त नांगरलेल्या मातीवर, विझवायला शेजारी पाण्याची बाटली. रात्रीची शेकोटी नाही म्हणजे नाहीच. उल्काही दिसायच्यात ना!

तिची खरी काळजी वेगळीच होती. दोन दिवस विचारू की नको करत होती, शेवटी आजीला विचारलं. मग तिला खुरपं दाखवलं: पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा, नंतर माती लोटायची, कागद पिशवीत घालून परत आणायचा. "तू उभी राहशील ना?" एवढंच विचारलं.

माझी काळजी म्हणजे मण्यार. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट आत, सकाळी झटकूनच पायात. १०८ आणि कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयाचा नंबर कागदावर लिहून घेतलाय. एक कागद आईंकडे: कुठे आहोत, रविवारी किती वाजेपर्यंत परत यायला हवं.

आईंनी गोधडी काढून दिली. वजनाला भारी, मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळी भावंडं ह्याच गोधडीत खळ्यात झोपायचो, देवगडला. चांदण्या मोजता मोजता एकेक गप्प व्हायचं." मी लगेच एक स्लीपिंग बॅग बाहेर काढली. लेकीचं वजन बावीस किलो, तिच्या पाठीवर दोनच्या वर काही नको. तिची सॅक आता एक किलो नऊशे भरते: स्वेटर, टोपी, शिट्टी, पाण्याची बाटली, राजगिऱ्याच्या वड्या. हरवलीस तर जागची हलू नकोस आणि तीनदा शिट्टी वाजव, हे जेवताना पुन्हा म्हणवून घेतलं.

उद्या पेठला ओळखीच्या काकांना फोन करायचा. भाताची झोडणी उरकली असेल तर त्यांच्या खळ्याशेजारची जागा मिळेल. तिथून पूर्वेचं आकाश मोकळं दिसतं का, तेही विचारायचंय.