अंगावर उठलंय, पण ते पित्त नाही

मेडिकलच्या काउंटरवर बाही वर करून "पित्त उठलंय हो, एक सिट्रिझिन द्या" म्हणणारे रोजचेच. बहुतेकांचं खरंच पित्त असतं, गांध्या येतात, खाजतात, घरी आमसूल चोळून झालेलं असतं. पण कुणी म्हणालं की खाज नाही, कातडी दुखतेय, तर मी आधी तोंड उघडायला सांगतो. ओठ सोलवटलेले, तोंडात फोड, डोळे लाल होऊन चुरचुरतायत, लघवीला आग, असं असेल तर सिट्रिझिन राहू दे, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात याला. १९२२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी दोन मुलांमध्ये पाहून लिहिलेला आजार. अंगाची १० टक्क्यांपर्यंत कातडी सुटली तर हा, ३० टक्क्यांच्या वर गेली तर त्याचाच मोठा भाऊ 'टेन' (टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस), त्यात साधारण तीनातला एक पेशंट जातो, आणि काळजी जळालेल्या माणसासारखी घ्यावी लागते.

मोठ्यांमध्ये हा बहुतेकदा एखाद्या औषधाच्या रिॲक्शननेच होतो. आता गंमत अशी की लोक कालच्या गोळीला धरतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ताप, घसादुखी सुरू होते, म्हणून पॅरासिटामॉल घेतली जाते आणि मग बिचारीवरच आळ. खरी गोळी बहुतेकदा चार दिवस ते चार आठवडे आधी चालू झालेली असते, फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, सल्फाच्या गोळ्या, नाहीतर युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल. या शेवटच्या गोळीचा मला रागच येतो, म्हणजे गोळीचा नाही, रिपोर्टात युरिक ॲसिड जरासं वाढलेलं दिसलं, काही दुखत-खुपत नाही, तरी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर मागायला येणाऱ्यांचा. दहा वर्षं चालू असलेली बीपीची गोळी मात्र सहसा निर्दोष असते.

लहान मुलांचं गणित वेगळं, तिथे कित्येकदा औषध नसतंच, मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो, आधी खोकला-ताप, मग तोंड फोडांनी भरून जातं आणि अंगावर त्यामानाने कमी. हर्पिसने हातापायावर गोल गोल चकत्या येतात तो प्रकार निराळा, बराच सौम्य, पण परत परत येतो.

२०२३ च्या शेवटी मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सरकारी अलर्ट आला होता, पाळीच्या दुखण्यावर घरोघरी असते तीच, तो 'ड्रेस' नावाच्या औषधाच्या वेगळ्या रिॲक्शनसाठी होता, त्यात पुरळ, ताप, गाठी सुजणं, लिव्हरला त्रास. बंदी वगैरे काही नव्हती.

तर अशा पेशंटला नेताना मागच्या दोन महिन्यांतल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत टाका, रिकाम्यासुद्धा, काढ्याची बाटली पण. संशयातली गोळी पुढचा डोस न घेता थांबवायची, फिटची असेल तर त्याच तासाला डॉक्टरांना फोन लावून, कारण तिच्या जागी दुसरी लगेच द्यावी लागते.